वेबपानातील घटक रचनेवरून कसा निवडावा

वेबपानातून माहिती काढताना सहसा आधी घटकाचा क्लास (एचटीएमएलमध्ये घटकाला दिलेले गटाचे नाव) पाहिला जातो. क्लासचे नाव अर्थपूर्ण असेल तर ते जरूर वापरावे. परंतु अनेक संकेतस्थळांवर ही नावे आपोआप तयार होतात आणि पानात थोडा बदल झाला तरी पार वेगळी होऊन बसतात. अशा वेळी घटकाचे शेजाऱ्यांशी असलेले नाते धरून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते.

समजा, पुस्तकाच्या माहितीचा एक तक्ता आहे आणि त्यातील पृष्ठसंख्या हवी आहे. ‘चौथ्या ओळीतील दुसरा रकाना’ असा पत्ता दिल्यास, एखाद्या पुस्तकाला अनुवादकाची ओळ जास्तीची येताच स्क्रिप्ट कसलीही तक्रार न करता भलतीच माहिती आणून देते. त्याऐवजी ज्या टीएचमध्ये (तक्त्यातील शीर्षकाच्या रकान्यात) ‘पृष्ठसंख्या’ हा मजकूर आहे, तो एक्सपाथने (पानातील घटकाचा मार्ग लिहिण्याच्या भाषेने) शोधावा आणि तेथून फॉलोइंग-सिब्लिंग (पुढची भावंडे) या अक्षाने, म्हणजे दिशेने, पुढच्या पहिल्या टीडीवर (माहितीच्या रकान्यावर) जावे. मजकूर जुळवताना नॉर्मलाइझ-स्पेस हे फंक्शन वापरल्यास मागचीपुढची मोकळी जागा आड येत नाही. नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ न तोडणारी विशेष मोकळी जागा) मात्र त्याला दाद देत नाही. प्रमाणित सीएसएस सिलेक्टरमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधील घटक निवडण्याच्या पद्धतीत) मजकुरावरून घटक शोधण्याची सोयच नाही, म्हणून येथे सीएसएसऐवजी एक्सपाथ कामी येतो.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून एक्सपाथ तसाच कॉपी करू नये. तक्त्यात टीबॉडी (तक्त्याच्या ओळी सामावणारा घटक) लिहिलेला नसला तरी ब्राउझर तो स्वतःहून घालतो, आणि एलएक्सएमएलसारखे पार्सर (एचटीएमएल वाचून त्याची रचना उभी करणारी साधने) तो घालत नाहीत. त्यामुळे डोळ्यांसमोर दिसणारा मार्ग स्क्रिप्टमध्ये रिकामी यादी देतो. माझा यात एकदा अख्खा दिवस गेला आहे. ‘पेज सोर्स’ उघडून मूळ एचटीएमएल पाहिल्यास हा घोळ लगेच उघड होतो.

क्रमांक वापरावाच लागला, तर एक्सपाथमध्ये मोजणी 1 पासून सुरू होते हे लक्षात ठेवावे. सीएसएसमधील एनटीएच-चाइल्ड सर्व प्रकारची भावंडे मोजतो, तर एनटीएच-ऑफ-टाइप फक्त त्याच टॅगची.

यादीतील प्रत्येक पुस्तकावर लूप फिरवताना आतील एक्सपाथ दोन तिरप्या रेषांनी (//) सुरू केल्यास शोध पुन्हा संपूर्ण पानात होतो आणि प्रत्येक ओळीत पहिल्याच पुस्तकाचे नाव उमटते. त्या रेषांच्या आधी एक टिंब दिले (.//), की शोध त्या पुस्तकाच्या घटकापुरताच राहतो.