दोन्ही उमेदवार घासून असले की मत कोणाला? माझी वहीवाली पद्धत

आपल्या मराठवाड्यात विधानसभेच्या 46 जागा आहेत, आणि त्यातल्या काही जागांवर शेवटच्या फेरीपर्यंत गुलालाची पोती सोडायची का नाही हेच कळत नाही. 2024 ला परांड्यात फरक 1509 चा, संभाजीनगर पूर्वला 2161 चा, आणि नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक तर अख्ख्या मतदारसंघात मिळून 1457 नं फिरली, म्हणजे दोन-तीन बूथचा मामला. अशा ठिकाणी 'कोण येतंय' हे पारावर सगळेच सांगायलेत, पण 'कोण यावा' हे बघायला बसावं लागतं. मी वहीचं एक पान घेतो, मधून रेघ मारतो, एका बाजूला हा, एका बाजूला तो.

सुरुवात शपथपत्रापासून. फॉर्म 26 म्हणतात त्याला, निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतं. स्कॅन वाकडंतिकडं असतं, मोबाईलवर झूम करून करून डोळे दुखतात, तरी वाचा. लोक एकूण प्रॉपर्टीचा आकडा बघून 'बाप रे' म्हणतात आणि बंद करतात. त्यात काही नाही. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी उघडा आणि दोन्ही जुळवा, कारण मजा तिथं आहे. व्यवसाय 'शेती' लिहिलेला, जमीन तेवढीच, आणि पाच वर्षांत बाकीची मालमत्ता तिप्पट, तर सोयाबीनला आपल्याला काय भाव मिळाला ते आपल्याला माहीतच आहे, मग ह्यांनी कोणतं बियाणं पेरलं ते विचारायला पाहिजे ना. स्वतःचे, बायकोचे, अवलंबून असलेल्यांचे पाच वर्षांचे इन्कम टॅक्सचे आकडे त्यातच असतात, सरकारी थकबाकी पण असते.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसती संख्या मोजू नका. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली (जुनी कलमं 143, 341, 188) असे दहा गुन्हे असलेला माणूस पीक विम्यासाठी रस्त्यावर बसलेला असू शकतो, आणि दुसऱ्यावर एकच असेल पण तो 420 चा किंवा 354 चा, तर मला तो एकच जड वाटतो. 1 जुलै 2024 पासूनचे गुन्हे नव्या न्याय संहितेत आहेत, तिथं फसवणूक 318 आणि विनयभंग 74, म्हणून फक्त जुने नंबर शोधत बसू नका.

आता काम. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट हे मी मोजतच नाही. आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, तो कोणीही आला तरी खर्च करणारच आणि वर स्वतःच्या नावाचा बोर्ड लावणारच. आमदाराचं खरं काम सभागृहात. आता आमदार असलेल्यानं तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) किती टाकले, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष ओढणारी सूचना) लावली का, जायकवाडीच्या पाण्यावर बोलला का, हे विधिमंडळाच्या साईटवर शोधायचं. शोधायला किचकट आहे, पण गावात एक कॉलेजचं पोरगं असतंच.

समोरचा कधीच आमदार नव्हता तर त्याचं काय बघायचं? त्याच्या ताब्यात काय होतं ते. आमच्याकडं बहुतेकांच्या मागं कारखाना, पतसंस्था नाहीतर बाजार समिती असतेच. कारखाना असेल तर ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची असा नियम आहे, तर शेजारच्या चार उसवाल्यांची पासबुकं बघा, तारखा बोलतात. पतसंस्था असेल तर ठेव काढायला गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारा.

एक टेस्ट मी स्वतः केली, मुद्दाम नाही, गरजेतून. रब्बीत आमच्या शिवारातला डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, हरभऱ्याला पाणी तोंडावर, मी दोन्हीकडं फोन लावला. एकाकडचा पीए म्हणला "सायबांच्या कानावर घालतो", झालं, विषय संपला. दुसऱ्याकडच्या पोरानं विचारलं, डीपी किती केव्हीएचा, त्यावर किती मोटारी, अर्ज दिलाय का, तारीख काय. डीपी लवकर आला असं नाही हं, दोघांनीबी उशीरच केला. पण नेमके प्रश्न विचारायचं कोणाला जमतं हे वहीत लिहून ठेवलं. हे निवडणुकीच्या आधी सहा महिने करा, आचारसंहितेत तर पहिल्या रिंगला फोन उचलतात सगळे.

खर्चावर नजर ठेवा. विधानसभेला मर्यादा 40 लाखांची. एकाच दिवशी आमच्या फाट्यावरून किती गाड्या गेल्या, ढाब्यावर किती ताटं उठली, ते चहा पिता पिता मोजता येतं. पैसे वाटायलेत असं दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या सोयीवर फोटो टाका, नाव लपवता येतं.

जात बघू नका असं मी म्हणणार नाही, लोक बघतात, माझ्या घरात पण बघतात. मी फक्त तो रकाना पानाच्या तळाला ठेवतो. आणि 'नोटा' (यापैकी कोणीच नको हे बटण) दाबायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या, विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांतला पुढचाच निवडून येतो.

मत देताना घाई नको, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी 7 सेकंद दिसते, चिन्ह बघूनच हला. आणि पान जपून ठेवा, पाच वर्षांनी जुळवायला लागतं. माझी मागची वही आईनं दुधाच्या हिशोबाला घेतली, उमेदवारांच्या नावाखाली सकाळ-संध्याकाळचे लिटर लिहिलेत, म्हणून ह्या वेळी सगळं परत डाउनलोड करत बसलोय.