लाकूडफोड्या मशीनचं हायड्रॉलिक वाढवताय? आधी या चुका टाळा

आंब्याचा गाठाळ बुंधा मशीनवर चढवला, पाचर दोन बोटं आत गेली आणि तिथेच अडली. लिव्हर दाबून धरलेला, मोटर मजेत चालू, टाकीतून मात्र बारीक शिट्टी. वखारीचे मालक म्हणाले, "सिलिंडर लहान पडतोय. मोठा टाका." आणि आम्ही टाकला. तिथेच चुकलो.

मशीन आमच्याच वर्कशॉपमध्ये बनलेलं. कुडाळजवळच्या एका जळाऊ लाकडाच्या वखारीसाठी, जिथून पावाच्या भट्ट्यांना आणि खानावळींना लाकूड जातं. ५ एचपीची १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर, दर फेरीला ८ सीसी तेल देणारा गिअर पंप, ८० मिमी बोअरचा (आतला व्यास) आणि ६०० मिमी स्ट्रोकचा (रॉड सरकतो ते अंतर) सिलिंडर, लिव्हरचा व्हॉल्व्ह, खाली २०० चा आय बीम. अकेशियाचे सरळ ओंडके पाचर टेकताच उकलायचे. आंबा आणि किंजळ मात्र छळायचे.

सिलिंडर १०० मिमीचा केला. रॅम, म्हणजे सिलिंडरचा रॉड, आधी साडेपंधरा सेकंदांत पुढे जायचा, त्याला आता जवळपास पंचवीस सेकंद लागू लागले, आणि आंब्याची गाठ तरीही हटेना. मग गेज लावलं. प्रेशर ११० बारच्या वर जातच नव्हतं. व्हॉल्व्हमधल्या रिलीफची, म्हणजे प्रेशर फार वाढलं की तेल टाकीत सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग बसली होती. ती शिट्टी म्हणजे रिलीफमधून टाकीत पळणारं तेल होतं, आणि आम्ही ती पहिल्या दिवसापासून ऐकत होतो.

गेज न लावता खर्चाला हात घालणं

या विषयात मी एकच गोष्ट हट्टाने सांगतो: पंपाच्या प्रेशर लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ० ते २५० बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज कायमचं बसवा. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच. रॅम शेवटपर्यंत बाहेर काढा, लिव्हर दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि काटा कुठे थांबतो ते बघा. त्याच वेळी मोटरच्या एका फेजला क्लॅम्प मीटर लावा. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते.

या दोन आकड्यांवरून निम्मं निदान होतं. मशीन अडलं, पण मोटरचा आवाज बदलला नाही आणि अँपिअर कमी आहेत, तर तेल कुठून तरी निसटतंय: रिलीफमधून, झिजलेल्या पंपातून किंवा पिस्टनच्या सीलवरून. मोटर कण्हते आणि ओव्हरलोड ट्रिप होतो, तर तेल जागेवर आहे, एचपी कमी पडतेय. पहिल्या प्रकारात मोठी मोटर घेऊन काही होत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात रिलीफ पिळून काही होत नाही.

पिस्टनचं सील तपासायचं तर रॅम पूर्ण बाहेर काढा, मोटर बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडवा. मग रॉडकडचा होज सोडा, व्हॉल्व्हकडच्या त्याच्या तोंडाला प्लग मारा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली डबा ठेवा. पोर्टच्या समोर कुणीही उभं राहू नये. मोटर चालू करून रॅम पुढे जायच्या दिशेने लिव्हर दाबा. थेंबभर तेल आलं तर चालेल, धार लागली तर सील गेलं. रॉड आत घेण्याच्या दिशेला या वेळी लिव्हर नेऊ नका.

आणि रिलीफ. लॉकनट ढिला करा, पाव आटा फिरवा, गेज बघा, परत पाव आटा. स्क्रू तळाला टेकवून "आता फुल्ल ताकद" म्हणणारे कारागीर मी पाहिलेत. तळाला टेकवला म्हणजे रिलीफ उरलाच नाही. मग अडलेल्या लाकडावर पंपाचं अंग फुटतं, नाहीतर होज. पंप, व्हॉल्व्ह, होज, सिलिंडर यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, तिच्या खालीच सेटिंग हवं.

ताकद आणि वेग एकाच पंपाकडून मागणं

ताकद ठरते प्रेशर आणि बोअरच्या क्षेत्रफळावर. १६० बारला ८० मिमीचा सिलिंडर सुमारे ८.२ टन देतो, १०० मिमीचा १२.८ टन आणि १२५ मिमीचा २० टन. वेग ठरतो मिनिटाला किती लिटर तेल येतं त्यावर. मोठ्या सिलिंडरचं पोट मोठं, म्हणून तोच पंप ठेवला तर मशीन मंदावणारच. आमचं तेच झालं.

पुढची चूक याच्या उलट टोकाची: मोटर तीच ठेवून पंप मोठा करणं. १६ सीसीचा पंप १४४० आरपीएमला मिनिटाला २३ लिटर तेल देतो. बार गुणिले लिटर भागिले ६०० म्हणजे किलोवॉट. १६० बारला हे ६.१ किलोवॉट झाले. पंपाची घट धरली तर मोटर जवळपास १० एचपीची हवी. ५ एचपीवर हाच पंप ८० बारच्या आसपास मोटरचा दम काढतो, म्हणजे १०० मिमी बोअरलाही साडेसहा टनच मिळतात. नवा पंप घालूनसुद्धा जुन्या सेटपेक्षा कमी.

वाट निघाली ती डबल पंपाने. एकाच शाफ्टवर १६ आणि ६ सीसी, मोठ्या पंपाला ५० बारवर सेट केलेला अनलोडिंग व्हॉल्व्ह. पाचर लाकडाला टेकेपर्यंत दोन्ही पंपांचं मिळून ३१ लिटरच्या वर तेल जातं आणि रॅम नऊ सेकंदांत पुढे येतो. लाकूड अडलं की मोठा पंप आपलं तेल फुकट टाकीत सोडतो आणि छोटा एकटा १६० बारपर्यंत ढकलत राहतो. ५ एचपीची तीच मोटर पुरली. आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन, मोटरचा आणि सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून नेऊन हा सेट जमवला. आकडा न नेता गेलात तर दुकानात असेल तो पंप पदरात पडतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या लाकूडफोडीच्या टू स्टेज पंपांबद्दल एक सावधगिरी. त्यांवर ११ गॅलन वगैरे लिहिलेलं असतं, ते पेट्रोल इंजिनाच्या ३६०० आरपीएमला. १४४० च्या मोटरवर त्या ४१ लिटरचे साडेसोळाच उरतात. पंप खराब नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही.

पंपाचा आवाज ऐकूनही सक्शनकडे न बघणं

पंप मोठा केला आणि सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल आणणारा, पाइप जुनाच ठेवला, तर पंप खडे भरडल्यासारखा वाजतो. तेल येतंय त्यापेक्षा जास्त पंप ओढतोय. सक्शनमध्ये तेलाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास राहायला हवा. ३१ लिटरला एक इंची पाइप लागतो. पाऊण इंचीत वेग जवळपास दुप्पट होतो. पाइप आखूड, कमीत कमी बेंड, टाकी शक्यतो पंपापेक्षा वर. सक्शनची गाळणारी जाळी तुंबली तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी जाळी काढून बघा.

आवाजाबरोबर टाकीत फेस दिसला, तर सक्शनच्या जोडातून हवा ओढली जातेय. मशीन चालू असताना एकेका जोडावर तेलाचे थेंब सोडा. ज्या जोडावर आवाज क्षणभर बदलतो, तो जोड खराब. रिटर्नचा पाइप तेलाच्या पातळीच्या वर उघडा सोडला तरी फेस होतो. तो पातळीखाली न्या, आणि सक्शनपासून लांब, मध्ये आडवी पट्टी टाकून. दुधाळ तेल ही गोष्ट वेगळी: त्यात पाणी गेलंय. कोकणातल्या पावसाळ्यात टाकीच्या ब्रीदरवर (हवा जायच्या तोंडावर) छत्री नसेल तर हे हमखास होतं.

परतीचं तेल मोजायचं राहून जाणं

हे फार कमी जण मोजतात. रॉड आत येताना पंप रॉडच्या बाजूला तेल भरतो, पण तिथे रॉडने जागा अडवलेली असते. १०० मिमीच्या सिलिंडरला ५० मिमीचा रॉड असेल, तर ३१ लिटर आत जाताना पाठीमागून ४२ लिटर बाहेर पडतात. अर्धा इंची होजमधून ते सेकंदाला साडेपाच मीटरने धावतात. तेल तापतं, आणि ऑटो रिटर्नच्या (रॉड पूर्ण आत येईपर्यंत लिव्हर धरून ठेवणाऱ्या) व्हॉल्व्हचा लिव्हर अर्ध्या वाटेतच सुटून मध्ये येतो. लोक व्हॉल्व्हला दोष देतात, बदलूनही आणतात. आमच्याकडे आलेल्या एका मशीनला दोन व्हॉल्व्ह बदलून झाले होते. सिलिंडरच्या मागच्या पोर्टपासून टाकीपर्यंत पाऊण इंची होज आणि तेवढाच फिल्टर बसवला, आणि लिव्हर जागेवर राहायला लागला.

भंगारातून जुन्या प्रेसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह आणून बसवणाऱ्यांनी त्याच्या अंगावरची आकृती नीट बघावी. मधल्या चौकटीत चारही पोर्ट बंद असतील, तर व्हॉल्व्ह मध्ये आल्यावरही पंपाला वाट उरत नाही, सगळं तेल सतत रिलीफवरून जातं आणि तासाभरात टाकीला हात लावता येत नाही. गिअर पंपाला मधल्या स्थितीत पंपाचं तेल टाकीकडे मोकळं सोडणारा व्हॉल्व्हच हवा.

जीआयच्या फिटिंग्ज आणि टेफ्लॉन

नळाच्या दुकानातला जीआयचा एल्बो १६० बारला लावू नका. तो फुटतो तेव्हा आधी सांगून फुटत नाही. होज घेताना त्यावर आर टू लिहिलेलं बघा: अर्धा इंची, तारेच्या दोन जाळ्यांचा होज २७५ बारचा, एक जाळीचा १६० चा. म्हणजे एक जाळीचा होज आपल्या सेटिंगवर काठावरच उभा.

आट्यांची गल्लत तर रोजची. बीएसपी आणि एनपीटी या दोघांचेही अर्ध्या आणि पाऊण इंचीला इंचात १४ आटे असतात, त्यामुळे फिटिंग दोन-तीन फेरे आरामात चढते. मग कारागीर ती पान्याने पिळतो, वर टेफ्लॉन गुंडाळतो, तरी जोड पाझरतो. आट्यांचा कोनच वेगळा, ५५ आणि ६० अंश. सरळ बीएसपीला डाउटी वॉशर (आत रबराची कडा असलेला) लावा, टेफ्लॉन लागतच नाही. टेफ्लॉनचं फाटलेलं तुकडं व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांड्यात) अडकलेलं मी चिमट्याने काढलंय. त्यासाठी अख्खा व्हॉल्व्ह खोलावा लागला होता.

पाझर कुठे आहे ते कधीही हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातलं तेल कातडीतून आत शिरतं. वरून फक्त ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघा. तेल आत शिरल्याचा संशय जरी आला, तरी लगेच सर्जनकडे जा आणि प्रेशरचं तेल आहे हे सांगा.

बीम विसरणं

सिलिंडर मोठा करताना खालच्या बीमला कुणी विचारत नाही. सिलिंडर बीमच्या वर बसतो, म्हणून ढकलताना बीम वाकतो. आमच्या मशीनवर सिलिंडरचा मध्य बीमच्या मध्यापासून २५ सेंमी वर होता. ८.२ टनाला २०० च्या आय बीमवर ताण येतो दर चौरस सेंमीला सुमारे १,१७० किलो. १२.८ टनाला १,८३०, म्हणजे नेहमी धरतात त्या १,६५० च्या पुढे. १२५ मिमीचा सिलिंडर टाकून २० टन लावले तर २,८५०, आणि साधं लोखंड २,५०० च्या आसपासच वाकतं. म्हणून १०० मिमी करताना आम्ही बीमखाली १२ मिमीची पट्टी पूर्ण लांबीत वेल्ड केली, आणि १२५ ला सरळ नाही म्हटलं.

हे वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कुठे लावता ते बघा. करंट सिलिंडरमधून गेला तर रॉडच्या क्रोमवर ठिणगीचे बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक फेरीला तेच सील कापतात. सिलिंडर उतरवूनच वेल्डिंग करा. नळीवर थेट कान वेल्ड करणं तर नकोच. नळी आतून आवळते. ट्रॉलीचा टिपिंग जॅक आडवा लावायलाही लोक बघतात, पण तो एकाच बाजूने तेल घेतो आणि ट्रॉलीच्या वजनाने परत येतो. आडवा लावल्यावर त्याला परत कोण आणणार?

फेज बदलले आणि पंप गेला

डीपीवर काम झालं, लाइन आली, मोटर चालू केली आणि पाच मिनिटांत पंपाच्या शाफ्टमधून तेल वाहू लागलं. फेज उलटे जोडले गेले होते. गिअर पंप एकाच दिशेचा असतो. उलटा फिरला की प्रेशर सक्शनच्या बाजूला आणि तिथून शाफ्टच्या सीलवर येतं. पाण्याच्या मोटरला लोक प्रिव्हेंटर लावतात, या मशीनला लावत नाहीत. फेजचा क्रम ओळखणारा प्रिव्हेंटर लावा, आणि मोटरवर रंगाने बाण काढून ठेवा. पंप मोटरला बेल्टने जोडू नका, आडव्या ओढीने त्याचे बुश झिजतात. स्पायडरचं कपलिंग वापरा आणि दोन भागांत दोन-तीन मिमी फट ठेवा.

तेल ६८ नंबरचं, टाकी ८० लिटरची, आत रंग नाही आणि जीआयचा पत्रा तर नाहीच. पुढे जाणाऱ्या दिशेला लिव्हर अडकून राहील अशी सोय कधीही करू नका, वखारवाले कितीही मागोत. लाकूड धरणारा हात आणि लिव्हरचा हात एकाच माणसाचे असावेत. कुडाळच्या मशीनवर आम्ही लिव्हरपुढे एक आडवी सळई लावलीय, त्यामुळे लिव्हर धरलेला माणूस पाचरीपर्यंत पोचूच शकत नाही.

आंब्याचे बुंधे आता तिथे १४० बारच्या आसपास उकलतात. एखादा त्यालाही दाद देत नाही. तो बुंधा वखारवाले बाजूला काढतात, उलट्या टोकाने परत चढवतात आणि गाठ चुकवून कडेने फोडतात.