तबकड्या संगणकात उतरवण्याआधी

गेल्या दिवाळीत मामांच्या बेचाळीस तबकड्या मी लॅपटॉपवर उतरवल्या, खोक्यात नीट भरून त्यांना पोचत्या केल्या आणि घरी येऊन मधलीच एक फाईल लावली. विलंबित ख्याल, आणि मागे कुकरच्या तीन शिट्ट्या. थोड्या वेळाने बायको, ‘अहो, दूध बघा!’ तबकडीचा आवाज वायरीतून आलाच नव्हता. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकने खोलीत वाजणारं गाणं टिपलं होतं, आमच्या संसारासकट. आता खोकी पुन्हा मागून आणली आहेत. मामा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

टर्नटेबल, लॅपटॉप, लाल-पांढऱ्या टोकांची आरसीए वायर, हे काय सांगायचं. सांगायचं ते फोनो प्रीअँपचं. पिनेकडून येणारा आवाज जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो, शिवाय तबकडी कापतानाच त्यातला खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त केलेले असतात. ते उलटं फिरवून आवाज मोठा करतो तो प्रीअँप. नवीन टर्नटेबलांत बहुधा आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असतं. आतला वापरायचा तर ‘लाइन’, बाहेरचा जोडलात तर ‘फोनो’. दोन्ही एकदम लागले की आवाज फाटतो, एकही नसला तर गाणारा डब्यात बसून गातोय असं वाटतं. टर्नटेबलातून एक बारीक, टोकाला फाटा असलेली वायर लोंबत असेल तर ती अर्थिंगची. बाहेरच्या प्रीअँपच्या स्क्रूला आवळा, नाहीतर तानपुऱ्याखाली 50 हर्ट्झचा दुसरा, बेसूर तानपुरा ऐकू येईल.

प्रीअँपपासून लॅपटॉपपर्यंत स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, साधं चालेल. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका.

आता मुद्द्याचं. साउंड कार्ड जोडलं म्हणजे लॅपटॉप त्यातूनच ऐकेल, असं नाही. ऑडॅसिटीत (हे आवाज उतरवायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग डिव्हाइसची यादी उघडा आणि यूएसबीचं नाव स्वतः निवडा. चॅनल दोन, म्हणजे स्टिरिओ. मग बोटाच्या नखाने लॅपटॉपच्या अंगावर टकटक करा. पडद्यावरची रेघ उडी मारत असेल तर चालू आहे तो आतला माइक. थांबा, बदला, पुन्हा टकटक. मी फक्त रेघ हलतेय एवढं बघितलं होतं. रेघ हलणारच हो, स्पीकर समोरच वाजत होता! म्हणून स्पीकर बंद. ऐकायचं ते हेडफोनवर, आणि तेही उतरवून झालेलं. स्पीकरचा दणका पिनेपर्यंत जाऊन घुमतो तो त्रासही त्यामुळे टळतो.

साफसफाई. एलपीला, म्हणजे लाँग प्ले तबकडीला, कार्बन फायबरचा ब्रश, फारच मळकी असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं, गोल-गोल, खाचांच्या दिशेने. मधला कागद कोरडा ठेवा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोलचं कसलंही द्रावण लावू नका, लाख विरघळते. त्यांची पिनही वेगळी, एलपीच्या पिनेपेक्षा तिपटीहून जाड. एलपीची पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकवते. पिनेचा भार कार्ट्रिजच्या (पिन ज्यात बसते त्या भागाच्या) कागदावर लिहिलेला असतो तेवढाच ठेवा, साधारण दीड ते अडीच ग्रॅम. भार वाढवायला पिनेच्या डोक्यावर नाणी ठेवणाऱ्यांना नमस्कार.

आवाजाची पातळी सुरुवातीच्या आलापीवर ठरवू नका. बाजूच्या शेवटी द्रुत असते, ताना असतात, तिथे पिन टेकवून बघा. सर्वांत जोराची जागाही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा आवाज वर आपटून कापला गेला की तो कापलेलाच.

रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 96 किलोहर्ट्झ ठेवलात तर तासाला दोन जीबी लागतात, 16 बिट, 44.1ला साडेसहाशे एमबीच्या आसपास. जागा बघून ठरवा. स्लीप मोड बंद. चार्जर लावल्यावर गुरगुर येत असेल तर तो काढा, बॅटरीवर चालवा. लाइट जायची वेळ ठाऊक असेल तर त्या वेळेत एलपी लावू नका, वेग मंदावत गायकाचा सूर पाताळात जातो.

आणि हो, जेवायला उठलात, यूएसबी निघाली, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, तर पुन्हा टकटक. माझं पहिल्या तीन तबकड्यांचं रेकॉर्डिंग खरं तर नीट होतं. मधे चहाला उठताना वायर ओढली गेली, मी ती परत खोचली, आणि त्यानंतरच्या एकोणचाळीस तबकड्या आमच्या स्वयंपाकघराच्या. प्रत्येक बाजूआधी टकटक. प्रत्येक. कंटाळा आला तरी.

उतरवून झाल्यावर मूळ वेव्ह फाईल हात न लावता बाजूला ठेवा, काटछाट प्रतीवर करा. खरखर काढायचं फिल्टर जपून, सतत वाजणारा तानपुरा त्याला खरखरच वाटतो आणि ते तानपुराच खातं. क्लिक काढणारं फिल्टर टाळ आणि तबल्याच्या किनारीच्या जिवावर उठतं. फार जुन्या तबकड्यांत गायक शेवटी स्वतःचं नाव सांगतो, ते रिकामी जागा समजून कापू नका.

फाईलला नाव लेबलवरच्या क्रमांकाने. लेबल आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोनवर फोटो. दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. एमपी3 मागाहून.

खोकी परत देण्याआधी प्रत्येक फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी हेडफोनवर ऐका. कुकर ऐकू आला तर मामांकडे जाऊ नका, टर्नटेबलाकडे जा.