अर्धवट राहिलेले विणकाम आणि गोधड्या पूर्ण करताना

मुंबईत हौसेने विणकाम-शिवणकाम करणाऱ्या बहुतेक घरांत, पोटमाळ्यावरच्या पिशवीत किंवा दिवाणाच्या कप्प्यात, एका बाहीपाशी थांबलेला स्वेटर किंवा नुसतेच तुकडे जोडून ठेवलेली गोधडी सापडते. वेळ मिळाला नाही म्हणून काम राहिले, असे आपण म्हणतो आणि ते काही अंशी खरेही असते. परंतु असे काम बारकाईने पाहिले, तर ते बहुधा एका नेमक्या ठिकाणी अडलेले दिसते. गळ्यासाठी टाके कसे घटवायचे हे उमजलेले नसते, उरलेली लोकर पुरेल की नाही याची शंका आलेली असते, किंवा गोधडीचे थर अंथरायला घरात जागाच मिळालेली नसते. म्हणून सुई हातात घेण्यापूर्वी ही अडलेली जागा शोधावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ती सापडली की उरलेले काम बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा थोडे निघते.

बाहेर काढणे आणि तपासणे

हे काम पावसाळ्यात काढू नये. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत इतका दमटपणा असतो की, लोकर आणि सुती कापड पिशवीतून काढताच ओल धरते. दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, सारे अर्धवट काम एकदमच एका जुन्या चादरीवर मांडावे आणि प्रत्येक वस्तू उलटसुलट करून पाहावी.

लोकरीत कसर लागली आहे का, हे आधी पाहावे. बारीक भोके, तुटके धागे आणि वाळूसारखे कण ही तिची खूण होय. कसर प्राणिज धाग्यावर वाढते, त्यामुळे शुद्ध ॲक्रिलिकला तिचा त्रास सहसा होत नाही. आपली लोकर कोणती हे आठवत नसेल, तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोरीत किंवा पाण्याजवळ उभे राहून, जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची चुरगळणारी राख होते; ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी उरतो. ही परीक्षा पुढे धुताना आणि इस्त्री करतानाही उपयोगी पडते. कसर लागलेली लोकर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावी, मग उन्हात झटकून घ्यावी.

गोधडीच्या बाबतीत पहिली तपासणी टाचण्यांची. समुद्राकाठच्या हवेत साध्या पोलादी टाचण्या आणि सुया एका पावसाळ्यातही गंजतात. ओढून काढलेल्या टाचणीभोवती तांबूस पिवळे वलय उमटलेले असते आणि त्या ठिकाणचे सूत कुजल्यासारखे नाजूक झालेले असते. पांढऱ्या सुती कापडावरचा असा डाग लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यास फिका होतो. रंगीत कापडावर मात्र हा उपाय करू नये, कारण डागाबरोबर रंगही उडतो. तेथे त्या जागेवर सरळ ठिगळ लावावे. गोधडीला ठिगळ शोभतेच. काम बाजूला ठेवताना सुया-टाचण्या कापडात कधीही राहू देऊ नयेत, ही गोष्ट या शहरात राहणाऱ्याने विशेष पाळावी.

यानंतर प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे ही आता कोणासाठी आहे. जानेवारीतही मुंबईचा पारा 15 अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे जाड, गळाबंद स्वेटर येथे वापरला जाण्याची शक्यता कमी. त्याची बिनबाह्यांची बंडी करता येते, किंवा पाठीचा पूर्ण झालेला भाग चौकोनी असेल तर त्याला भर घालून पाळण्यातले पांघरूण करता येते. ज्या बाळासाठी झबले विणायला घेतले ते आज कॉलेजात जात असेल, तर ते झबले दुसऱ्या बाळासाठी पूर्ण करण्यात काही वावगे नाही. आणि ज्याचा नमुनाच आता मनाला पटत नाही, ते निःशंकपणे उसवावे. चांगली लोकर मोकळी करणे हाही काम हातावेगळे करण्याचाच एक मार्ग आहे.

विणकाम जेथे थांबले तेथून

सर्वप्रथम, शेवटची ओळ कोठे सुटली आहे ते वाचावे. काम ओळीच्या मध्येच थांबले असेल, तर गुंडीकडे जाणारा धागा उजव्या सुईवरील शेवटच्या टाक्यातून निघतो. ओळ पूर्ण झाली असेल, तर टाक्यांची सुई डाव्या हातात धरल्यावर तो धागा टोकाजवळच्या पहिल्या टाक्यापाशी लोंबतो. आता समोरची बाजू पाहावी. सुलट टाके वेणीच्या पेडांसारखे उभे दिसतात आणि त्यांची एक जोडी म्हणजे एक ओळ. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या कामात मात्र आडवा उठलेला एक वळ म्हणजे दोन ओळी. अशा रीतीने पूर्ण झालेल्या ओळी मोजून कागदावर लिहाव्यात. नमुन्याचे पुस्तक हरवले असले तरी एक पूर्ण आवर्तन कामावरूनच उतरवून घेता येते.

वर्षानुवर्षे सुईवर राहिलेले टाके ताणलेले असतात. तेथूनच पुढे विणले, तर धुतल्यानंतरही त्या जागी आडवी रेघ दिसत राहते. म्हणून शेवटच्या दोन-तीन ओळी उसवून घ्याव्यात. त्यापूर्वी, जी ओळ नक्की बरोबर आहे तिच्या प्रत्येक टाक्यातून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्यावा. मग उसवणे त्या दोऱ्यापाशी आपोआप थांबते आणि एकही टाका निसटत नाही. मधला एखादा टाका आधीच खाली घसरला असेल, तर क्रोशाच्या सुईने त्याला एकेक आडव्या धाग्यातून वर चढवत आणावे.

सुया सापडल्या नाहीत, तर क्रमांकाबाबत सावध राहावे. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असतात आणि त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 10 नंबरची 3.25 मिलिमीटरची आणि 12 नंबरची 2.75 मिलिमीटरची असते. नव्या सुयांवर बहुधा मिलिमीटरच लिहिलेले असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधल्या काळात हाताची ओढ बदललेली असते. उरलेल्या लोकरीचा एक लहान चौकोन विणून त्याच्या 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे आणि जुन्या कामाशी ताडून पाहावे. टाके कमी भरत असतील तर हात सैल झाला आहे असे समजून एक माप बारीक सुई घ्यावी. जास्त भरत असतील तर जाड.

लोकर पुरेल की नाही, या शंकेपायी जितके काम अडून राहते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने राहत असेल, आणि ही शंका स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने काही क्षणांत मिटते. पूर्ण झालेली बाही तोलावी, मग उरलेल्या गुंड्या तोलाव्यात. बाही 60 ग्रॅम भरली आणि लोकर 75 ग्रॅम उरली असेल, तर दुसरी बाही निश्चिंतपणे सुरू करावी. लोकर 45 ग्रॅमच असेल, तर दोन्ही मनगटपट्ट्या दुसऱ्या रंगाच्या करण्याचा निर्णय आताच घ्यावा, कोपरापर्यंत पोहोचल्यावर नव्हे. त्याच रंगाची नवी गुंडी मिळाली तरी रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली खेप, वेगळा असणार आणि फरक दिसणार. तो लपवण्यासाठी काही अंतरापर्यंत दोन ओळी जुन्या आणि दोन ओळी नव्या लोकरीने, अशा आलटूनपालटून विणाव्यात. उसवलेली लोकर लगेच वापरू नये. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि सावलीत टांगून वाळवावी. तिचे वळसे सुटतात आणि टाके पुन्हा एकसारखे पडतात.

कधीकधी पिशवीतले काम आपले नसते. आईने किंवा सासूबाईंनी सुरू केलेले आणि त्यांच्या हातून राहून गेलेले असते. अशा वेळी त्यांचा विणलेला भाग, त्यात एखादी चूक दिसली तरी, उसवू नये असे मला मनापासून वाटते. त्यांची ओढ आपल्यापेक्षा निराळी असणारच. म्हणून आपला हात जेथून सुरू होतो ती जागा शिवणीवर, खांद्यावर किंवा बाहीच्या आरंभी यावी, अशी आखणी करावी. एकाच तुकड्याच्या मध्यावर दोन हात आले, तर फरक नजरेत भरतो. शिवणीवर आले, तर तो खपून जातो आणि दोघींचेही काम त्यात राहते.

गोधडीचे थर आणि जागेचा प्रश्न

कापड किती तग धरेल हे उजेडाकडे धरून पाहावे आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणावे. जुन्या लुगड्याचे सूत ताणताच विरत असेल, तर त्या तुकड्यामागे पातळ सुती कापडाचा आधार द्यावा. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे, कारण पूर्ण झालेल्या गोधडीत पसरलेला रंग मागे घेता येत नाही. जोडलेल्या तुकड्यांची शिवण मागून तपासावी आणि जेथे पाव इंचाचीही माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड, उरलेली नाही तेथे पुन्हा टीप मारावी. अस्तरासाठी किंवा गोटासाठी, म्हणजे गोधडीच्या कडेला लावायच्या पट्टीसाठी, कापड कमी पडले, तर मंगलदास मार्केटपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये तुकडा घेऊन गेले की त्या छटेचे पॉपलिन मिळते. रुबिया मात्र गोधडीसाठी फार पातळ पडते. नवे कापड धुऊन, आटवूनच वापरावे.

बहुतेक गोधड्या थर अंथरण्यापाशीच अडतात. पाच फूट बाय सात फूट मोकळी फरशी वन-रूम-किचनमध्ये मिळणे कठीण, आणि मिळाली तरी रात्री अंथरुणे घालण्यापूर्वी ती मोकळी करावी लागते. म्हणून पूर्ण गोधडी एकदम न अंथरता तिचे तीन लांब पट्टे करावेत. प्रत्येक पट्ट्याचा वरचा भाग, मधला थर आणि अस्तर पलंगावर किंवा जेवणाच्या टेबलावर एकत्र जुळवून, कच्च्या दोऱ्याने तळहाताएवढ्या अंतरावर टाचून घ्यावे आणि मग धावदोरा घालावा. जोडणीच्या दोन्ही कडांना दीड इंच भाग मोकळा ठेवावा. पट्टे पूर्ण झाले की वरची कापडे एकमेकांना शिवावीत, मधला थर शिवणीला भिडेल इतका कापावा आणि अस्तराची एक कड दुसऱ्यावर दुमडून हाताने टिपावी. हा मार्ग थोडा लांबचा आहे, पण त्यात काम मांडीवर मावते.

आपल्याकडची जुनी रीत कडेपासून सुरू करून फेऱ्या-फेऱ्यांनी आत जाण्याची आहे. जुन्या साड्यांचे सपाट थर असतील तर ती उत्तमच. मधे फुगीर पॉलिएस्टर वॅडिंग घातले असेल, तर मात्र मध्यापासून कडेकडे शिवत जावे, नाहीतर जादा कापड मध्यभागी गोळा होते आणि चुण्या पडतात. थर किती घ्यावेत याचाही विचार व्हावा. पाच-सहा साड्यांची भारी गोधडी घाटावर योग्य असेल, पण इमारतीतल्या वाळत घालण्याच्या दोरीवर ती लवकर वाळत नाही. दोन किंवा तीन थर एसीच्या खोलीतल्या पांघरुणाला पुरेसे आहेत.

गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. सरळ कडांना उरेब, म्हणजे कापड तिरके कापून काढलेल्या, पट्टीची आवश्यकता नसते, ती फक्त गोलाईवर लागते. 60 इंच बाय 90 इंचाच्या गोधडीचा घेर 300 इंच होतो. कोपरे आणि जोड धरून पाऊण मीटर कापड पुरते.

काम हातावेगळे होईपर्यंत

एका वेळी एकच काम बाहेर ठेवावे आणि ते कोठे करायचे हे ठरवावे. साधे सुलट विणकाम, क्रोशाचे चौकोन, गोधडीचे लहान ठोकळे हे लोकलच्या प्रवासात, बसायला जागा मिळाली तर, सहज होते. त्यासाठी लांब सुयांऐवजी वायरने जोडलेल्या गोल सुया वापराव्यात, म्हणजे शेजारणीला कोपर लागत नाही. गळा, खांदे आणि जाळीचा नमुना मात्र घरी, दिवसाच्या उजेडात करावा. गळा समजत नसेल, तर इमारतीतल्या विणणाऱ्या एखाद्या काकूंसमोर प्रत्यक्ष काम ठेवून विचारावे. पुस्तकातल्या वाक्याने जे कळत नाही ते हात पाहून चटकन कळते. आणि प्रत्येक वेळी थांबताना पुढची पायरी चिठ्ठीवर लिहून ती कामाला दोऱ्याने बांधावी. ‘दुसरी बाही, 34 ओळी झाल्या, पुढच्या सुलट ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका वाढवणे’ इतके स्पष्ट लिहिले की, मधे गणपती येवोत की मुलांच्या परीक्षा, काम पुन्हा तेथेच अडत नाही.

शेवटचे धागे आत ओवताना निदान दोन दिशांनी घ्यावेत, म्हणजे धुताना ते बाहेर येत नाहीत. लोकरीचे काम थंड पाण्यात बुडवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबावे आणि पंख्याखाली सपाट अंथरून मापात आणावे. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा जोरदार वाफ देऊ नये, कारण त्याची वीण कायमची ढिली पडते. उरलेली थोडी लोकर, गोटाचा एक तुकडा आणि सुईचा क्रमांक लिहिलेला कागद सुती पिशवीत घालून त्या वस्तूबरोबरच द्यावा. पुढे कोपर विरले किंवा कड उसवली, तर दुरुस्त करणाऱ्याला त्याच रंगाचा धागा शोधत फिरावे लागत नाही.