जळजळीसाठी मॅग्नेशियम घेताय? या चुका टाळा

दुपारी दोन-अडीचला मेडिकलमध्ये गर्दी कमी असते. अशाच एका दुपारी एक काकू आल्या, पिशवीतून डबी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "महिना झाला, रोज एक घेतेय. छातीतली जळजळ आहे तश्शीच. रात्री तर घशाशी आंबट येतं. गोळी खोटी आहे का बघा जरा." गोळी खरीच होती आणि चांगली महागातली होती. डबीवर ठसठशीत अक्षरांत 'मॅग्नेशियम' लिहिलं होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'ग्लायसिनेट' होतं, आणि सगळा घोळ त्या बारीक शब्दात होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत मॅग्नेशियम मागणाऱ्यांची संख्या खूप वाढली आहे. कुणी झोपेसाठी मागतं, कुणी पायात गोळे येतात म्हणून, आणि आता पित्तासाठीही. मॅग्नेशियम जळजळीवर चालतं हे खरं आहे. पण कोणतं, किती, कधी आणि कुणी घ्यायचं हे न बघता घेतलं तर पैसे तर जातातच, कधी तब्येतही जाते. काउंटरवर रोज दिसणाऱ्या चुका इथे सांगतो.

नावापुढचा शब्द न वाचणं

पोटातलं आम्ल मारण्याचं काम मॅग्नेशियम एकटं करत नाही. ते कशाशी जोडलेलं आहे त्यावर सगळं ठरतं. हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, ऑक्साइड आणि ट्रायसिलिकेट ही आम्लाशी भिडणारी रूपं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाला भेटलं की मॅग्नेशियम क्लोराइड आणि पाणी तयार होतं, आणि जळजळ काही मिनिटांत उतरते. अमेरिकेत चार्ल्स फिलिप्स यांनी १८७३ साली पेटंट घेतलेलं 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणजे हेच हायड्रॉक्साइड पाण्यात मिसळलेलं. दुधासारखं दिसतं म्हणून ते नाव. आपल्याकडच्या डायजीन आणि जेलुसिलमध्येही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, जोडीला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि गॅसचे बुडबुडे फोडणारं सिमेथिकोन.

ग्लायसिनेटचं काम वेगळं. ते आतड्यातून नीट शोषलं जावं आणि शरीरातली मॅग्नेशियमची कमतरता भरून निघावी म्हणून बनवलेलं आहे. ते आम्लाशी फारसं भिडत नाही. 'मॅग्नेशियम घेतलं की अन्ननलिकेची झडप घट्ट होते' असं मोबाईलवरच्या व्हिडिओंत सांगतात, पण या गोळ्यांनी तसं होतं याला भक्कम आधार नाही. सायट्रेटही जळजळीचं औषध नव्हे. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून पोट साफ करायला वापरतात. काकूंनी महिनाभर जे घेतलं ते वाईट नव्हतं, त्यांच्या दुखण्याचं नव्हतं इतकंच.

एक मात्र कटाक्षाने पाळा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पाय शेकायला आणलेली त्याची पुडी 'मॅग्नेशियमच आहे की' म्हणून पाण्यात घालून पिऊ नका. त्याने आम्ल मरत नाही, जुलाब मात्र जोरात होतात आणि जास्त झालं तर जिवावर बेततं.

मिलिग्रॅमचा आकडा चुकीचा वाचणं

डबीवर '१००० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम ग्लायसिनेट' असं असेल तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४० मि.ग्रॅ.च असतं, बाकी वजन ग्लायसिनचं. उलट ऑक्साइडमध्ये वजनाच्या जवळपास ६० टक्के मॅग्नेशियम असतं. हायड्रॉक्साइडमध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास, सायट्रेटमध्ये १६. म्हणजे एका डबीवरची ५०० ची गोळी आणि दुसऱ्या डबीवरची ५०० ची गोळी यांत चौपट फरक असू शकतो. लेबलवर 'एलिमेंटल' शब्दापुढचा आकडा शोधा, तोच खरा.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी निरोगी प्रौढांसाठी गोळ्या-औषधांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मि.ग्रॅ. धरली आहे. यात जेवणातलं मॅग्नेशियम धरलेलं नाही. नाचणी, बाजरी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून येणाऱ्या मॅग्नेशियमची निरोगी माणसाला भीती नाही. जादा झालेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं.

बाटली न हलवता पिणं

ही चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी. अँटासिडची, म्हणजे आम्ल मारणाऱ्या औषधाची बाटली आठवडाभर फडताळात उभी राहिली की पांढरा साका तळाला बसतो. बाटली उजेडात धरून बघा, वर पातळ पाणी आणि खाली खडूसारखा थर दिसेल. न हलवता ओतलं तर सुरुवातीचे पाच-सहा दिवस तुम्ही नुसतं गोड पाणी पिता आणि 'याचा काही उपयोग नाही' म्हणता. मग तळाला आल्यावर एका चमच्यात तिप्पट औषध जातं आणि दुसऱ्या दिवशी संडासच्या फेऱ्या सुरू होतात. झाकण घट्ट लावा, बाटली उलटी करा, तळाचा थर पूर्ण सुटेपर्यंत हलवा आणि मगच झाकणाच्या मापाने ओता. स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. तोंडाला बाटली लावून घोट घेण्याची सवयही सोडा.

माप इतकं महत्त्वाचं का, तर मिल्क ऑफ मॅग्नेशियाची एकच बाटली दोन कामांची असते. ५ ते १५ मि.लि. घेतलं तर ते जळजळीचं औषध, ३० मि.लि.च्या वर गेलं की जुलाबाचं.

चघळायची गोळी पाण्यासोबत अख्खी गिळणारेही खूप आहेत. ती दातांनी बारीक करून खाल्ली तरच वेळेत विरघळते.

आणि वेळ. उपाशीपोटी घेतलेलं अँटासिड अर्ध्या-पाऊण तासात पोटातून पुढे सरकतं. तेच जेवणानंतर साधारण तासाभराने घेतलं तर अन्नासोबत रेंगाळतं आणि त्याचा परिणाम तीन तासांपर्यंत टिकतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या घेऊन दिवसभर आरामाची वाट बघण्यात अर्थ नाही.

पोट बिघडल्यावर जळजळीचं औषध तसंच चालू ठेवणं

मॅग्नेशियमने शौचाला पातळ होतं, ॲल्युमिनियमने कडक. म्हणून तर कंपन्या दोन्ही एकत्र घालतात. तरीही पातळ होत असेल तर मात्रा कमी करा किंवा औषध बदलून मागा. वयस्कर माणसांना दोन दिवस जुलाब झाले तरी अशक्तपणा आणि चक्कर येते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

बाकीच्या गोळ्यांसोबत एकाच घोटात घेणं

आपल्याकडे सकाळच्या सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एकदम गिळायची पद्धत आहे. मॅग्नेशियमच्या बाबतीत ती महाग पडते, कारण ते इतर औषधांना पोटातच धरून ठेवतं. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान चार तासांचं अंतर हवं. नाही तर गोळी रोज घेऊनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला येतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही की दोष त्या गुलाबी अँटासिड सिरपचा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर ते मॅग्नेशियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या गोळ्या, हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्याला घ्यायची गोळी, नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन, या सगळ्यांचं तसंच आहे. मेडिकलमध्ये अँटासिड मागताना 'अजून काय काय चालू आहे' हे सांगा. आम्ही विचारलं तर राग मानू नका.

पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणं आणि मॅग्नेशियमचं गणित विसरणं

या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण हे माझ्या घरात घडलं आहे. माझी आई सहा वर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी घेत होती. सुरुवातीला डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी लिहून दिली होती. पुढे ती चिठ्ठीविना चालूच राहिली, आणि दुकान घरचंच असून माझ्याही ध्यानात आलं नाही. मग रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, बोटं थरथरायला लागली. वय झालं म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. रक्त तपासलं तेव्हा मॅग्नेशियम बरंच खाली होतं आणि त्यासोबत कॅल्शियमही.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर काही जणांच्या आतड्यात मॅग्नेशियमचं शोषण कमी होतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०११ मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांत बहुतेकांची गोळी वर्षाहून जास्त चालू होती. साधारण चौथा हिस्सा रुग्णांत नुसतं मॅग्नेशियम देऊन पातळी वर आली नाही, मूळ गोळी बंद करावी लागली. सोबत पाणी उतरवायची म्हणजे लघवीची गोळी किंवा हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पायात गोळे, थरथर, छातीत धडधड, अशी लक्षणं असतील आणि पित्ताची गोळी वर्षभरापासून चालू असेल तर डॉक्टरांना स्वतःहून मॅग्नेशियम तपासायला सांगा. रक्तातली पातळी १.७ ते २.२ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या आसपास असायला हवी. पण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तद्रवात नसतं, त्यामुळे काठावरचा आकडा आला तर लक्षणांसह तो डॉक्टरांना दाखवा.

पण म्हणून ही गोळी उद्यापासून एकदम बंद करायची नाही. बरेच महिने घेतल्यावर अचानक सोडली तर आम्ल काही दिवस आधीपेक्षा जास्त सुटतं, जळजळ उसळते आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीवर येतो. आईची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली. मधल्या काळात लागेल तेव्हा अँटासिड दिलं.

मूत्रपिंडाचा आजार असताना मनाने घेणं

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेली असतील, तर मॅग्नेशियमचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. साधं अँटासिड सिरपसुद्धा नाही. मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडाचं. ते थांबलं की मॅग्नेशियम रक्तात साठतं. झोप येत राहते, हातापायातली ताकद जाते, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. घरच्यांना वाटतं म्हातारं माणूस दमलंय. गरोदर बायकांनी आणि मुलांच्या आईवडिलांनीही आधी विचारावं.

छातीतलं सगळं दुखणं पित्ताचं समजणं

छाती दाबल्यासारखी वाटते, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातं, दरदरून घाम येतो, दम लागतो, जिना चढताना वाढतं, तर सिरप पिऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका नुसत्या मळमळीसारखा आणि अपचनासारखाही येतो. 'गॅस अडकलाय' म्हणत घरी काढलेला तास परत मिळत नाही.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, उलटीत रक्त, पांडुरोग म्हणजे अंगात रक्त कमी असणं, ही लक्षणं असतील किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच जळजळ सुरू झाली असेल तर अँटासिडने झाकून ठेवू नका, दुर्बिणीची तपासणी लागते का ते विचारा. एरवीही सलग दोन आठवडे रोज अँटासिड लागत असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.

सगळं बरोबर करूनही जळजळ जात नसेल तर

मग आम्ल वर का येतंय ते शोधायला हवं. मिश्री आणि तंबाखूतल्या निकोटिनने अन्ननलिकेची झडप सैल पडते. गावाकडच्या कितीतरी बायका मिश्री लावून वर पित्ताचं औषध मागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही झडप ढिली होते, ते डॉक्टरांशी बोलून बदलता येतं. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होत असाल तर जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. नुसत्या उशा वाढवून चालत नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपलात तर आम्ल वर यायला कमी वाव मिळतो.

त्या काकूंना मी मग रात्रीचं विचारलं. जेवण आठला, मिश्री नाही, चहा दोनदा. "आणि झोपताना काही?" "गुडघ्याची गोळी घेते की. उशाशीच असते. घोटभर पाण्यासोबत टाकते आणि पडते." स्ट्रिप बघितली तर डायक्लोफेनॅक, चार महिन्यांपासून रोज. अशी गोळी घोटभर पाण्यात गिळून लगेच आडवं झालं की अन्ननलिकेतच चिकटून राहू शकते आणि तिथला भाग पोळतो. पोटाच्या अस्तराला तिचा त्रास असतो तो वेगळाच. डबी, स्ट्रिप आणि एक चिठ्ठी देऊन मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, गुडघ्याला चोळायचं मलम न्यायला. घशाशी येणं थांबलं होतं.