फॉरेस्ट्रीच्या फील्डवर्कमध्ये या चुका टाळा, नंतर लॅपटॉपवर बसून काही दुरुस्त होत नाही

दापोलीला किंवा अकोल्याला बी.एस्सी. फॉरेस्ट्रीला नंबर लागला की बऱ्याच जणांच्या डोक्यात वाघ आणि जिप्सी असते, आणि समोर येतं काय तर माती, स्टॅटिस्टिक्स, झाडांची मोजणी आणि सर्व्हेइंग. मग हे विषय "निघाले की बास" म्हणून उरकले जातात. पण पुढे वाइल्डलाईफचा प्रोजेक्ट घ्या नाहीतर साग प्लांटेशनचा, सगळं शेवटी टेप, कंपास आणि जीपीएसवरच येऊन ठेपतं. ज्युनिअर्सचे रिपोर्ट बघताना त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

घेर घेतला की व्यास?

सगळ्यात जास्त घोळ इथे. साध्या टेपने झाडाला वेढा दिला की मिळतो घेर, आणि कॉलम असतो डीबीएचचा, म्हणजे छातीच्या उंचीवरच्या व्यासाचा. घेर ९४ सेंमी असेल तर व्यास साधारण ३० सेंमी येतो, पण कुणीतरी ९४ च डीबीएच म्हणून टाकतं आणि बेसल एरिया, म्हणजे बुंध्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, जवळपास दहापट फुगतो, कारण तिथे व्यासाचा वर्ग होतो. त्यातच काही टेपच्या एका बाजूला सरळ व्यासच छापलेला असतो, त्यामुळे अर्ध्या ग्रुपने एक बाजू वाचलेली आणि अर्ध्याने दुसरी, असला डेटा तर कुणाच्या बापाला सुधारता येत नाही. पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, घेर, सेंमी. बस्स. तुमच्या कोरड्या पानझडी जंगलाचा बेसल एरिया हेक्टरी शे-दोनशे चौरस मीटर आला की समजा हीच गडबड आहे, एवढं लाकूड तिथे उभंच नसतं.

दुसरं म्हणजे छातीची उंची ही तुमच्या छातीची नाही, आपल्याकडे ती १.३७ मीटर धरतात. ग्रुपमध्ये एक सहा फुटी आणि एक पाच फुटी असला की प्रत्येकजण आपापल्या छातीला टेप लावतो. एक काठी घ्या, १.३७ वर खूण करा आणि ती झाडाला टेकवूनच मोजा. उतारावर असाल तर चढाच्या बाजूला उभं राहून. १.३७ च्या खालीच दोन फांटे फुटले असतील तर दोन झाडं धरायची, वर फुटले असतील तर एक. बुंध्याला पंख (बाहेर आलेली फळीसारखी मुळं) असतील तर ते संपतात त्याच्या वर मोजायचं आणि किती वर मोजलं ते लिहायचं. आणि झाडामागे एकाने जाऊन बघा जरा, टेप मागच्या बाजूला हमखास खाली उतरलेला असतो किंवा वेलीवरून गेलेला असतो.

प्लॉट तिरका, हिशोब सपाट

सह्याद्रीत काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. हेक्टरी झाडांची संख्या काढताना क्षेत्र आडवं धरतात, उतारावरून धरत नाहीत. ३० अंशांच्या उतारावर २० मीटर टेप अंथरला तर आडवं अंतर होतं १७.३ मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटरचा समजून आखलेला प्लॉट खरं तर ३४६ चाच भरतो, आणि झाडांची घनता कमी दिसते. त्या उतारावर टेप २३.१ मीटर सोडायचा, किंवा तुकड्या-तुकड्याने टेप आडवा धरत खाली उतरायचं, जुने वनमजूर असंच करतात आणि बरोबर करतात. सीमेवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर आत, नाहीतर बाहेर, यावर भांडत बसू नका.

झाड ओळखण्यातही फोटोवर जाऊ नका. ऐन आणि किंजळ दोन्ही एकाच टर्मिनालिया वंशातले, पानावरून गोंधळ होतो, पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते ती एकदा हात लावून बघितली की परत चुकत नाही. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. हे सगळं पावसाळ्यात सोपं असतं, एप्रिलमध्ये पानं गळून गेल्यावर फक्त साल उरते, म्हणून दोन्ही मोसमात तेच झाड जाऊन बघा.

जीपीएसचे पॉईंट्स नकाशावर भलतीकडे गेले?

याचा एक फायदा आहे, पॉईंट कुठे जाऊन पडले त्यावरून चूक कळते. मेळघाटातले पॉईंट थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डच्या आसपास दिसतायत? अक्षांश-रेखांशाचे कॉलम उलटे टाकलेत. पॉईंट बरेच किलोमीटर दक्षिणेला सरकलेत? मग २१ अंश २४ मिनिटं हे तुम्ही २१.२४ असं टाईप केलंय, खरं ते २१.४० आहे, आणि फरक पडतो जवळपास १८ किलोमीटरचा. नागपूरचे पॉईंट गुजरातेत बारडोलीकडे गेले असतील तर यूटीएमचा (मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत, जगाचे उभे पट्टे म्हणजे झोन) झोन चुकलाय. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४, म्हणजे अकोला, अमरावती, दापोली ४३ मध्ये आणि वर्धा, नागपूर, ताडोबा ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा तर मधूनच चिरला जातो, तिथे प्रोजेक्ट असेल तर आधीच ठरवा, की पूर्ण काम अक्षांश-रेखांशातच ठेवायचं. सगळे पॉईंट एकाच दिशेला सारखेच थोडे सरकलेले असतील, नकाशावरची नदी खऱ्या नदीशेजारी दिसत असेल, तर बहुतेक जुनी टोपोशीट (सर्व्हेचा छापील नकाशा) जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वरची समजून बसवलीय, तिचं डेटम, म्हणजे मोजणीचा पाया, एव्हरेस्ट नावाचं जुनं असतं. आणि नुसतेच इकडे तिकडे विखुरलेले असतील तर दाट झाडीखाली घाईघाईत रीडिंग घेतलंय, थांबून ॲव्हरेज घ्या.

कंपास घेताना खिशातला मोबाईल, कोयता, बाईकची चावी लांब ठेवा, हे सगळेच सांगतात. पण तपासायचं कसं ते कुणी सांगत नाही. प्रत्येक रेषेचं पुढचं आणि मागचं बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) दोन्ही टोकांवरून घ्या, फरक १८० यायला हवा, नाही आला तर दोनपैकी एका टोकाला काहीतरी ओढतंय, तारेचं कुंपण, विजेची लाईन, कधी खालचा बेसाल्टसुद्धा. सर्व्हेचा मोठा माणूस विल्यम लॅम्बटन, ज्याने १८०२ ला दक्षिणेतून भारत मोजायला घेतला, तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारला, कबर तिथेच आहे. त्याच्या कामात पोलादी साखळीशेजारी थर्मामीटर ठेवून तापमानही नोंदवायचे, कारण उन्हात साखळी लांबते. आणि आपण टोटल स्टेशनला (अंतर-कोन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे समोरच्या प्रिझमसाठीची दुरुस्ती, कोणता टाकला तेही लिहीत नाही, तो चुकला की प्रत्येक अंतरात तीनेक सेंमीची चूक गुपचूप बसते.

प्राणी मोजताना

लाईन ट्रान्सेक्टवर, म्हणजे प्राणी मोजत चालायच्या ठरलेल्या सरळ रेषेवर, चितळ पळाल्यावर जिथे थांबलं तिथलं अंतर लिहू नका, पहिल्यांदा दिसलं तिथलं लिहा. लागतं ते रेषेपासूनचं लंब अंतर, त्यासाठी रेंजफाइंडरने थेट अंतर आणि कंपासने कोन घ्या. अंदाजे १०, २०, ५० असे गोल आकडे लिहिलेले ग्राफमध्ये लगेच उघडे पडतात. आणि चालायला सोपं म्हणून जंगलातला रस्ताच ट्रान्सेक्ट म्हणून घेऊ नका.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) पूर्व-पश्चिम तोंड करून लावला की सकाळ-संध्याकाळचं ऊन लेन्सवर, समोरचं गवत कापलं नाही की कार्ड भरून नुसतं गवत. वाघासाठी दोन्ही बाजूंनी कॅमेरे लागतात कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. बॅटरी बदलल्यावर तारीख बघा. परवानगीचं पण आधी बघा, अभयारण्यात अभ्यासाला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ओळखीच्या गार्डदादांनी "या हो" म्हटलं म्हणून चालत नाही, उलट त्यांचीच नोकरी अडचणीत येते.

नोकरीचं थोडक्यात. भारतीय वनसेवेला ॲग्रीकल्चर आणि फॉरेस्ट्री हे दोन ऑप्शनल एकत्र घेता येत नाहीत, क्लास लावायच्या आधी बघा. भूमी अभिलेखच्या भूकरमापक भरतीत सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआय सर्व्हेअर मागतात, आपली डिग्री सर्व्हेइंग शिकवते म्हणून तिथे आपोआप चालेल असं धरू नका. आणि वनसेवेच्या चालण्याच्या टेस्टला मुलांना चार तासांत २५ किलोमीटर, मुलींना १४, ते नवीन बूट घालून करायला जाऊ नका.