पणजीचं माहेर कसं शोधायचं

माझ्या थोरल्या चुलत्यांनी घराण्याची वंशावळ एका वहीच्या मधल्या जोडपानावर काढून ठेवली होती. खापरपणजोबांपासून माझ्या भाच्या-पुतण्यांपर्यंत एकेचाळीस नावं, आणि त्यांत बाई एकही नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, नाशिकला राहायला आले, तेव्हा ती वही माझ्याकडे आली. मी ठरवलं, की यातल्या प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचं नाव आणि तिचं माहेर लिहायचं. सगळ्यांत जास्त वेळ पणजीने घेतला. तिला शोधताना जे शिकले तेच इथे सांगते. पुरुषांची नावं या वाटेवर आपोआप सापडत जातात.

सुरुवात कागदापासून करू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपासून करा, आणि ती या आठवड्यातच करा. माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिला मी आधी सरळ विचारलं, “तुझ्या आजीचं माहेर कुठलं?” ती म्हणाली, “काय ठाऊक बाई.” मग प्रश्न बदलले. आजीला दिवाळीला न्यायला मूळ कुठून यायचं? पहिल्या बाळंतपणाला ती कुठे गेली? तुझ्या वडिलांच्या लग्नात मामा म्हणून कोण उभे राहिले? आत्या लगेच म्हणाली, “मामा तर सिन्नरकडून आले होते, बैलगाडीतून गुळाच्या ढेपा घेऊन.” माहेर आठवत नव्हतं, पण गुळाच्या ढेपा आठवत होत्या. वर्ष विचारायचं असेल तेव्हाही असंच करा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या वेळी जन्म झाला होता का, मानमोडीच्या तापात घरातलं कोण गेलं, असं विचारा. सत्याग्रह १९३० साली सुरू झाला आणि मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, म्हणजे तुमच्या हाती वर्ष आलं. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी सांगून.

त्याच दिवशी माळ्यावर चढा. तांब्यापितळेची जुनी भांडी उतरवून चिंचेने घासा. लग्नात आहेर आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, कधी गावही असतं. जुन्या लग्नपत्रिका असतील तर नवरानवरीच्या नावांपेक्षा खालची बारीक अक्षरातली निमंत्रकांची यादी वाचा. मामा, आतोबा, मावसा सगळे तिथे सापडतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, कारण ते मी स्वतः भरलं आहे. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मस्थळ आणि आधीची शाळा असते. यातलं जन्मस्थळ बारकाईने पाहा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून थोरल्या मुलाचं जन्मस्थळ बहुतेकदा त्याच्या आईचं माहेर असतं. जन्मतारीख मात्र १ जून दिसली तर तिच्यावर विसंबू नका. आईबापांना तारीख माहीत नसली की जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बसेल अशी ती तारीख गुरुजी घालत. मीही घातली आहे.

आता जमिनीचे कागद. आमची थोडी जमीन निफाड तालुक्यात आहे. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, असतात. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार काढायचा. त्यात कोण कधी वारलं, वारस कोण लागले, हे लिहिलेलं असतं, आणि तिथून त्याआधीच्या फेरफाराचा माग लागतो. अशा पायऱ्या उतरत जायचं. मध्येच गट नंबर संपतो आणि जुना सर्व्हे नंबर सुरू होतो. तिथे पुष्कळजण थांबतात. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला याचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात असतो, तो मागा. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत, म्हणून आधी घरबसल्या तिथे बघा. तिथे मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक नेमका लिहा. “जुनी कागदपत्रं मिळावीत” असा मोघम अर्ज मी एकदा केला होता. तो दोन महिन्यांनी तसाच परत आला.

फेरफारात बायका कुठे असतात, हे कळायला मला वर्ष लागलं, म्हणून सविस्तर सांगते. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. त्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावं येऊ लागली, सासरच्या आडनावासकट. बहिणींनी भावाला हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्यात प्रत्येकीचं सासरचं गावही असतं. ज्या कागदाने त्यांचा हिस्सा गेला, त्याच कागदावर त्यांचा पत्ता राहिला आहे. मी तो वाचताना दर वेळी थांबते.

१९५६ च्या आधी बाई सापडते ती विधवा म्हणून. बाप गेला आणि मुलगा लहान असला की जमीन मुलाच्या नावे लागते आणि पुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरं येतात. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. आमच्या एका जुन्या फेरफारात माझ्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अ. पा. क. आई सीता’. पणजोबा मानमोडीत गेले असं आत्या सांगायची, ते खरं ठरलं. आणि पणजीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं, ते तहसील कचेरीच्या बाकावर बसून.

त्याहून जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘बिन’ किंवा ‘वलद’ दिसलं की पुढचं नाव बापाचं. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं, म्हणजे आधीचं नाव बाईचं. हे चार शब्द मोडीत ओळखायला शिकलात तरी अर्धं काम होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो आणि शब्द सुटे न लिहिता एका ओळीत जोडून लिहिलेले असतात, त्यामुळे नाव वाचताना घाई करू नका. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मी साठीत शिकले, तुम्हालाही जमेल.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी गाव नमुना नंबर १४ मागावा. ती गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही. बारशाच्या आधीच नोंद होत असल्याने बाळाचं नाव बहुधा नसतं; बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढं मिळतं.

नाशिककरांच्या हाताशी मात्र एक असा ठेवा आहे, जो फार थोड्या शहरांना लाभला आहे. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या आहेत. यात्रेला, सिंहस्थाला, अस्थी घेऊन जो येई त्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव त्यात लिहिलं जाई, खाली सही किंवा अंगठा. गाव आणि जात यांप्रमाणे यजमान वाटलेले असतात, म्हणून घाटावर पहिला प्रश्न येतो, “गाव कोणतं? आडनाव काय?” इथे आजचं गाव सांगू नका, मूळ गाव सांगा. पितृपक्षात जाऊ नका, सकाळी विधींच्या गर्दीतही नको. दुपारनंतर जा, तीन पिढ्यांची नावं एका कागदावर लिहून न्या. वही त्यांच्या घराण्याची आहे, सरकारी कागद नव्हे. फोटो काढू का हे विचारा, नाही म्हणाले तर हाताने उतरवून घ्या, आणि निघताना मनापासून दक्षिणा द्या. कितीतरी पिढ्या वाळवी आणि पुरापासून त्यांनी ते कागद जपले आहेत.

आमच्या उपाध्यायांनी लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली. पान उलटत उलटत ते आजोबांच्या सहीपाशी आले. शके १८६२. मजकूर असा, की मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले, सोबत मामा, आणि मामांचं नाव, राहणार अमुक गाव, तालुका सिन्नर. पणजीचं स्वतःचं नाव त्या नोंदीत नव्हतं. पण तिचा भाऊ होता, आणि त्याचं गाव होतं.

शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतं. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर जानेवारी लागला का ते पाहून ७९ मिळवायचे. जुन्या महसुली कागदांतला फसली सन असेल तर साधारण ५९०. आमची नोंद श्रावणातली होती, म्हणजे १९४०.

मी सिन्नर तालुक्यातल्या त्या गावी गेले. अशा वेळी आधी पोलीस पाटलांना किंवा शाळेतल्या शिक्षकांना भेटा, काय शोधताय ते सांगा, आणि जमिनीच्या वाट्यासाठी आलेलो नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. माणसांना तीच भीती असते. त्या मामांचा नातू ओट्यावर बसला होता, ऐंशीच्या पुढचा. मी म्हटलं, सीताबाईंची पणती. तो म्हणाला, “आमच्यात सीता कुणी नव्हती.” मी गावाचं नाव सांगितलं, निफाड सांगितलं. मग तो म्हणाला, “म्हणजे ठकी आत्या! निफाडला दिलेली, तरणीताठी विधवा झाली ती.” लग्नात नाव बदललेलं. जुन्या बाईचा शोध घेताना हे कायम ध्यानात ठेवा, की तिची दोन नावं असणार, आणि माहेरचं नाव माहेरच्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना वहिनींनी ओटी भरली. म्हणाल्या, माहेरवाशीण आहात.

जे मिळेल ते लिहिताना प्रत्येक नावाशेजारी ते कुठून मिळालं हेही लिहा: आत्याने सांगितलं, अमुक फेरफार, उपाध्यायांची वही. दोन ठिकाणी वेगळं मिळालं तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

गेल्या माघात माझ्या सासरच्या उपाध्यायांकडे मी, मुलगा, मुलगी आणि सून असे चौघे गेलो. त्यांनी मुलाचं नाव विचारून लेखणी उचलली. मी म्हटलं, गुरुजी, मुलीचंही लिहा, आणि सुनेचं माहेरच्या नावागावासकट. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि वही सुनेकडे सरकवली. तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, आधी माहेरचं नाव, मग आमचं.